लंडनमध्ये नामांकित शेफच्या रेस्टॉरंटात टेबल कसं मिळवायचं: तयारीपासून दारापर्यंत

मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला जायचं ठरलं की हल्ली यादीत एक इच्छा हमखास असते. टीव्हीवर पाहिलेल्या शेफच्या रेस्टॉरंटात एकदा जेवायचं. बहुतेकांचं ते राहून जातं आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. विमानाची तिकिटं, हॉटेल, स्कॉटलंडची सहल सगळं पक्कं करून झाल्यावर, निघायच्या आठवड्यात टेबल शोधायला घेतात. तोवर उरलेलं असतं मंगळवारी रात्री पावणेदहाचं एखादं टेबल, आणि त्याच दिवशी आपण एडिनबराला असतो.

म्हणून पहिली गोष्ट क्रमाची. लंडनमधले दिवस तुमच्या हातात असतात, रेस्टॉरंटातली टेबलं नसतात. आधी टेबलाची तारीख मिळवा, मग बाकीच्या सहली तिच्या भोवती लावा. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळलात तर तो पुढे कुठेतरी आडवा येतो.

## टप्पा 1: नेमकं कोणतं रेस्टॉरंट, ते कागदावर लिहा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

‘गॉर्डन रॅमसेकडे जायचंय’ एवढ्याने काहीच ठरत नाही. टीव्हीवर गाजलेल्या या ब्रिटिश शेफच्या नावाची लंडनमध्ये अनेक ठिकाणं आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्ट्रीट बर्गर आणि स्ट्रीट पिझ्झा इथे सहज जाऊन खाता येतं. ब्रेड स्ट्रीट किचन हे बऱ्यापैकी मोठं, गजबजलेलं रेस्टॉरंट आहे. बेलग्रेव्हियातलं पेट्रूस वेगळं. ज्याला तीन मिशलिन तारे (मिशलिन या मार्गदर्शक पुस्तकाचा सर्वोच्च दर्जा) आहेत आणि ज्याबद्दल आपण ऐकलेलं असतं, ते चेल्सीमधलं ‘रेस्टॉरंट गॉर्डन रॅमसे’, पत्ता 68 रॉयल हॉस्पिटल रोड. ते 1998 मध्ये सुरू झालं आणि 2001 पासून तिसरा तारा राखून आहे. आता गोंधळ आणखी वाढला आहे, कारण 22 बिशप्सगेट या उंच इमारतीत ‘रेस्टॉरंट गॉर्डन रॅमसे हाय’ नावाचं छोटं ठिकाण उघडलं आहे. नावात एका शब्दाचा फरक, पण शहराचं टोक वेगळं, खोली वेगळी, मेनू वेगळा.

हेस्टन ब्लूमेंथल या दुसऱ्या नामांकित ब्रिटिश शेफच्या बाबतीतही तसंच. त्यांचं द फॅट डक लंडनमध्ये नाहीच, ते बर्कशर परगण्यातल्या ब्रे गावात आहे. त्याच गावात द हाइंड्स हेड हा त्यांचा पबही आहे. पबचं टेबल पटकन मिळतं म्हणून आनंदाने बुक करून, फॅट डकचं जेवण मिळणार अशा समजुतीत जाणारे असतात. ब्रेला जायचं तर एलिझाबेथ लाइनने मेडनहेडपर्यंत ट्रेन आणि तिथून थोडी टॅक्सी, म्हणजे जाण्या-येण्यातच अर्धा दिवस धरावा लागतो.

दुसरी समजूत अशी की शेफ स्वतः तिथे असतील, फोटो काढता येईल. एवढी रेस्टॉरंटं ज्यांच्या नावावर आहेत, त्यांचं रोजचं स्वयंपाकघर त्यांचे मुख्य शेफ चालवतात. तुम्हाला शेफ स्वतः ओट्याशी दिसायला हवे असतील, तर एकाच ठिकाणी रोज काम करणारे शेफ आणि उघडं स्वयंपाकघर किंवा काउंटर असलेलं छोटं रेस्टॉरंट निवडा. आणि जेवण हेच मोठं असेल, तर रॅमसे यांच्याच रॉयल हॉस्पिटल रोडच्या स्वयंपाकघराची धुरा अनेक वर्षं सांभाळलेल्या क्लेअर स्मिथ यांचं नॉटिंग हिलमधलं कोर यादीत जरूर ठेवा. ते 2017 मध्ये उघडलं आणि 2021 मध्ये त्याला तीन तारे मिळाले. टीव्हीवर नाव कमी ऐकू येतं, पण माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने या दोन नावांत तरी तुलना करून मगच ठरवावं.

तपासा: रेस्टॉरंटचं पूर्ण नाव, रस्ता आणि पोस्टकोड कागदावर लिहिला का? बुकिंगच्या पानावर तोच पत्ता दिसतो का? गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यावरून न जाता रेस्टॉरंटच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच पुढे गेलात का?

## टप्पा 2: खर्च आणि अटी आधी वाचा

मेनूच्या पानावर माणशी किंमत दिलेली असते. ब्रिटनमध्ये त्या किमतीत तिथला कर, म्हणजे व्हॅट, धरलेलाच असतो. आपल्यासारखा जीएसटी वर लागत नाही. पण सेवाशुल्क लागतं, बहुधा साडेबारा ते पंधरा टक्के, आणि ते बिलात आधीच जोडून येतं.

समजा मेनू माणशी 200 पौंडांचा आहे. दोघांचे 400. पंधरा टक्क्यांनी सेवाशुल्क 60, म्हणजे 460. बाटलीतलं पाणी, एखादं पेय, शेवटची कॉफी धरून पाचशेच्या आसपास. वाइन पेअरिंग, म्हणजे प्रत्येक पदार्थाबरोबर त्याला साजेशी वाइन, घेतलंत तर ते जेवणाच्या रकमेच्या जवळपास जाऊ शकतं. भारतीय कार्डाने भरणार असाल तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. घरात हा आकडा आधीच मोठ्याने बोलून घ्या. बिल आल्यावर आई-बाबांनी तोंड पाडून बसायचं आणि मुलाने गडबडून कार्ड काढायचं, हे त्या संध्याकाळी नको.

सेवाशुल्क लावलेलं असेल तर वेगळी टिप ठेवायची गरज नसते.

मग अटी वाचा. दोन प्रकार असतात आणि ते एकमेकांत मिसळू नका.

पहिल्या प्रकारात फक्त कार्डाची माहिती घेतात, आत्ता पैसे कापत नाहीत. ठरलेल्या मुदतीनंतर रद्द केलं किंवा गेलाच नाहीत, तर माणशी ठरलेली रक्कम कापतात. दुसऱ्या प्रकारात जेवणाचे पैसे, पूर्ण किंवा डिपॉझिट म्हणून, बुकिंगच्या वेळीच जातात. हे नाटकाच्या तिकिटासारखं समजा. जमलं नाही तर पैसे परत मिळतीलच असं नाही. काही ठिकाणी ते बुकिंग दुसऱ्या कुणाला देता येतं, काही ठिकाणी नाही.

सावधान: व्हिसा हातात नसताना दुसऱ्या प्रकारचं बुकिंग करू नका. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा निर्णय भारतातून अर्ज केल्यावर साधारण तीन आठवड्यांत येतो, पण सुट्टीच्या हंगामात लांबू शकतो. पहिल्या प्रकारचं बुकिंग मात्र व्हिसाआधी करायला हरकत नाही. फक्त रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ लंडनच्या घड्याळानुसार फोनमध्ये गजर लावून ठेवा.

आणखी एक कलम लोक वाचतच नाहीत. चौघांचं बुकिंग करून तिघेच गेलात, तरी चौथ्याचे पैसे लागू शकतात. ‘काकू येतील की नाही नक्की नाही, पण धरून ठेवू’ असं करू नका.

## टप्पा 3: एक नाही, चार तारखा काढा

लग्नाच्या वाढदिवसालाच जेवायचं, हा हट्ट टेबल हातचं घालवतो. वाढदिवस शनिवारी येत असेल तर त्या रात्रीसाठी सगळं लंडन रांगेत असतं. चार तारखा काढा आणि त्यांना पसंतीचा क्रम द्या.

या चार तारखा काढताना:

- रविवार-सोमवार बंद असणारी मोठी रेस्टॉरंटं बरीच आहेत. वेबसाइटवर वार आधी पाहा.
- मंगळवार ते गुरुवार सगळ्यात सोपे. शुक्रवार-शनिवारची रात्र सगळ्यात कठीण.
- दुपारचं जेवण यादीत ठेवाच. तेच स्वयंपाकघर, तीच माणसं, अनेकदा लहान आणि स्वस्त मेनू, आणि टेबल मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर मी दुपारच सुचवेन. तीन तास बसून जेवल्यावर उजेडात चालत परत येता येतं.
- दोघांसाठी टेबल सर्वात लवकर मिळतं. सहा-आठ जणांना अनेक ठिकाणी ऑनलाइन बुकिंगच मिळत नाही, त्यांना मेल करावा लागतो. सगळं कुटुंब नेण्याऐवजी दोघांनी जावं आणि बाकीच्यांबरोबर दुसरीकडे जेवावं, हा पर्यायही घरात मांडून बघा.
- 14 फेब्रुवारी आणि डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे टाळा. 25 डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब आणि बस धावतच नाहीत.

आता आपल्याकडचं एक काम, जे लंडनच्या कुठल्याही मार्गदर्शकात सापडणार नाही: घरात उपवास करणारं कुणी असेल तर तिथी पाहा. भिंतीवरच्या कालनिर्णयमधली तिथी आणि वेळा भारतासाठी असतात. लंडनमध्ये एकादशी किंवा संकष्टी एक दिवस मागे-पुढे येऊ शकते, म्हणून तिथलं पंचांग पाहा. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो. लंडनच्या उन्हाळ्यात सूर्यच रात्री नऊनंतर मावळतो, तर चंद्रोदय आणखी उशिरा. साडेसातच्या टेबलावर बसलेल्या आजींना पहिले पाच पदार्थ नुसते बघावे लागतील. श्रावण पाळत असाल तर तो पूर्ण महिना मांसाहारी मेनूसाठी बाद.

तपासा: चारही तारखांना घरातले सगळे लंडनमध्येच आहेत का? आल्या दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची रात्र तर धरली नाही ना? आपली झोपेची वेळ साडेचार-साडेपाच तास आधी येते. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपल्या शरीराची मध्यरात्र उलटून गेलेली. जेवण कितीही उत्तम असलं तरी मान खाली पडते.

## टप्पा 4: काय खात नाही, हे बुकिंगआधी विचारा

बहुतेक लोक हे बुकिंग झाल्यावर सांगतात, काही जण तर टेबलावर बसल्यावर. अशा ठिकाणी मेनू ठरलेला असतो, एकेका पदार्थाची तयारी एक-दोन दिवस आधी सुरू होते. ऐन वेळी सांगितलेल्या अटीवर नुसत्या उकडलेल्या भाज्यांचं ताट येतं, आणि चूक तिथल्या आचाऱ्याची नसते.

‘प्युअर व्हेज’ हा शब्द तिथे लिहू नका. आपल्याला त्यातून अंडंही नाही असं म्हणायचं असतं. तिथल्या शाकाहारात अंडं बसतं. ‘व्हीगन’ लिहिलंत तर दूध, लोणी, चीज सगळंच जातं आणि तुमचं ताट विनाकारण अर्धं होतं. म्हणून प्रकाराचं नाव न लिहिता पदार्थांची नावं लिहा. काय चालत नाही आणि काय चालतं, दोन्ही.

शाकाहारी माणसाने या गोष्टी नावानिशी विचारायच्या:

- सूप, सॉस, रिझोटो यांत मांसाचा किंवा माशाचा स्टॉक, म्हणजे उकळून काढलेला रस, आहे का?
- गोडात जिलेटिन आहे का? ते प्राण्यांपासून बनतं आणि जेली, मूस, मार्शमेलो यांत सर्रास असतं.
- चीज कोणतं? पार्मेझान पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, बनतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आवर्जून सांगावं.
- वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.
- सॉस आणि गोडात वाइन किंवा ब्रँडी घालतात. मद्य अजिबात नको असेल तर ते वेगळं सांगावं लागतं, ‘शाकाहारी’ म्हटल्याने ते गळत नाही.

जैन जेवणाबद्दल स्पष्ट बोलतो. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट वगळून एवढ्या पदार्थांचा मेनू द्यायला अनेक फ्रेंच पद्धतीची स्वयंपाकघरं नकार देतात. ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. पैसे भरण्याआधी मिळालेला नकार हा तुमच्या फायद्याचाच.

अ‍ॅलर्जी वेगळ्या ओळीत लिहा, आवडीनिवडीत मिसळू नका. ब्रिटनच्या कायद्यात 14 अ‍ॅलर्जनांची यादी आहे. त्यात शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, तीळ, मोहरी, दूध, अंडं, मासे, सोयाबीन हे सगळं येतं. त्याबद्दलची माहिती देणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे. पण एखादी भाजी आवडत नाही म्हणून ‘अ‍ॅलर्जी आहे’ असं लिहू नका. त्या एका शब्दावर स्वयंपाकघरात वेगळी भांडी, कापायची वेगळी फळी काढली जाते.

मेल छोटा असावा. हा मजकूर इंग्रजीत करून पाठवा:

“आम्ही दोघे अमुक आठवड्यात दुपारच्या जेवणाला येऊ इच्छितो. एकजण सर्व खातो. दुसरी व्यक्ती मांस, मासे, अंडी, जिलेटिन आणि प्राणिजन्य रेनेटचं चीज खात नाही. दूध, लोणी, कांदा-लसूण चालतं. कुणालाही अ‍ॅलर्जी नाही. यासाठी पूर्ण मेनू देता येईल का, हे बुकिंगआधी कळवाल का?”

उत्तर आलं की तो मेल जपून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

मधुमेह असलेलं कुणी बरोबर असेल तर एक ओळ जास्त लिहा: जेवण किती वेळ चालतं आणि पहिला पदार्थ बसल्यावर किती मिनिटांत येतो. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ त्यावरून डॉक्टरांना विचारून ठरवता येते. व्हीलचेअर किंवा जिना चढण्याची अडचण असेल तर तेही याच मेलमध्ये. जुन्या लंडनमधल्या इमारतींत स्वच्छतागृह अनेकदा तळघरात असतं. लहान मुलं असतील तर वयाची अट विचारा.

## टप्पा 5: कार्ड, फोन आणि मेल तयार ठेवा

भारतात बसून बुकिंग करणाऱ्यांचा घात बहुधा इथे होतो. टेबल निवडलेलं असतं, कार्डाचा नंबर टाकलेला असतो आणि व्यवहार नाकारला जातो. पुन्हा करेपर्यंत टेबल गेलेलं.

1. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार, दोन्ही सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नवीन कार्ड बहुधा फक्त देशांतर्गत वापरापुरतंच सुरू असतं.
2. तिथेच खर्चमर्यादा पाहा. पौंडातली रक्कम रुपयांत किती होते, त्यापेक्षा मर्यादा जास्त हवी.
3. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड वापरा. प्रवासी फॉरेक्स कार्डं बुकिंगची हमी म्हणून ठेवायला अनेकदा चालत नाहीत.
4. कार्डाची मुदत जेवणाच्या तारखेनंतर संपायला हवी.
5. एखादी छोटी परदेशी खरेदी करून ते चालतंय याची खात्री करून घ्या.
6. रेस्टॉरंटच्या बुकिंग पानावर आधी खातं उघडा. नाव, देशाच्या 91 या कोडसह फोन, मेल भरून ठेवा.

नाव कार्डावर आणि पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे आडनाव आधी, असं केलंत की दारावर शोधाशोध होते. पाटील, जोशी, कुलकर्णी या आडनावांची लंडनमध्ये काही कमतरता नाही. पहिलं नावही पूर्ण लिहा.

मुलगी लंडनमध्येच राहत असेल तर बुकिंग तिच्या नावाने, तिच्या कार्डाने आणि तिच्या फोनवर करणं सगळ्यात सोपं. रेस्टॉरंटचा फोन तिला येतो, तुमचा भारतातला नंबर रोमिंगवर बंद असला तरी बिघडत नाही.

## टप्पा 6: बुकिंग उघडण्याची वेळ गाठा

पुढच्या तारखा कधी खुल्या होतात, हे वेबसाइटवर किंवा मेलवर विचारून नक्की करा. पद्धती दोन. काही ठिकाणी रोज एकेक दिवस पुढे सरकतो. काही ठिकाणी ठरलेल्या तारखेला पूर्ण महिना एकदम उघडतो. पहिल्या पद्धतीत तुमच्या चार तारखा चार वेगवेगळ्या दिवशी उघडतील, तेव्हा चारही गजर लावा. दुसऱ्या पद्धतीत एकच संधी, पण चारही तारखा समोर.

वेळेचा हिशेब इथे चुकतो. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. तिथले सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन, पण उन्हाळ्यात अडीच. मार्चमध्ये ठरवलेला गजर एप्रिलमध्ये एक तास उशिराचा ठरतो. फोनच्या जागतिक घड्याळात लंडन टाकून ठेवा आणि गजर त्यावरून लावा, डोक्यातल्या वजाबाकीवरून नको.

त्या वेळी:

- दहा मिनिटं आधी लॉगिन करा. वेळ झाली की पान एकदा ताजं करा. सतत दाबत राहिलात तर काही वेबसाइट तुम्हालाच बाहेर काढतात.
- आधी माणसांची संख्या, मग तारीख, मग वेळ. संख्या नंतर बदललीत की आधी दिसणाऱ्या वेळा गायब होतात.
- साडेसात-आठ या वेळा आधी संपतात. दुपारी बाराच्या किंवा संध्याकाळी लवकरच्या वेळेवर थेट जा.
- पहिल्या पसंतीची तारीख नसेल तर तिथे रेंगाळू नका. दुसरी उघडा.
- कार्डाची माहिती भरायला ठराविक मिनिटंच मिळतात. कार्ड शेजारी आणि ओटीपी येणारा फोन हातात असू द्या.
- टिपणीच्या चौकटीत टप्पा 4 मधली आहाराची माहिती चिकटवा. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर एका ओळीत लिहा.

सावधान: घरातल्या तिघांनी तीन खात्यांवरून तीन टेबलं धरून ठेवायची आणि नंतर दोन सोडायची, असं करू नका. एकाच आडनावाची, एकाच कार्डाची बुकिंगं रेस्टॉरंटला सहज दिसतात आणि ते सगळीच रद्द करू शकतात.

तपासा: खात्रीचा मेल आला का? त्यात तारीख आणि महिना उलटा-सुलटा तर झाला नाही? रेस्टॉरंटचं नाव आणि पत्ता टप्पा 1 मधल्या कागदाशी जुळतो का?

## टप्पा 7: टेबल नाही मिळालं तर

इथे बहुतेक जण सोडून देतात, खरं तर संधी अजून बाकी असते.

आधी वेटलिस्टवर नाव घाला, आणि एका वेळेसाठी नको, दुपार आणि रात्र दोन्हींसाठी. मग रद्द करण्याच्या मुदतीचा हिशेब करा. टप्पा 2 मध्ये वाचलेल्या अटीत 48 तास असं लिहिलं असेल, तर ज्यांचं येणं डळमळीत आहे ते त्या मुदतीच्या थोडं आधी रद्द करतात. म्हणजे जेवणाच्या दोन ते तीन दिवस आधीचा काळ सगळ्यात फळतो. त्या काळात सकाळ-संध्याकाळ पान उघडून पाहा. वेटलिस्टचा निरोप अनेकांना एकदम जातो, पहिला दाबेल त्याला टेबल मिळतं. निरोप वाचून ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणालात की ते गेलं.

फोन करा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या वेळात, लंडनच्या तीन-चारच्या सुमारास, स्वागतकक्षातल्या माणसाला बोलायला थोडी फुरसत असते. लवचीक आहोत हे आधी सांगा: “या आठवड्यात कुठल्याही दिवशी, दुपारी किंवा रात्री, दोघे.” एकटं जाणार असाल तर तेही सांगा. काउंटर असलेल्या ठिकाणी एक खुर्ची कधीकधी अचानक मोकळी होते.

मोठ्या हॉटेलात उतरला असाल तर तिथल्या कॉन्सिअर्जला, म्हणजे पाहुण्यांची बुकिंगं करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला, येण्याआधीच मेल करा. कोटाच्या दोन्ही कॉलरवर एकमेकांवर आडव्या सोनेरी किल्ल्यांचं चिन्ह दिसलं, तर तो त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य असतो आणि रेस्टॉरंटांशी त्याचा रोजचा संबंध असतो. आपल्याकडच्या काही वरच्या दर्जाच्या क्रेडिट कार्डांवरही अशी सेवा मिळते, कार्डाच्या माहितीपत्रात पाहा.

ओळख काढायचा खटाटोप मात्र सोडा. शेफच्या इन्स्टाग्रामवर निरोप पाठवून टेबल मिळत नाही. आणि समाजमाध्यमांवर ‘टेबल मिळवून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांना एक पौंडही देऊ नका. टेबलांच्या अशा परस्पर विक्रीचा उपद्रव एवढा वाढला की न्यूयॉर्क राज्याने 2024 मध्ये त्याविरुद्ध कायदाच केला. लंडनमध्ये तुम्ही दारावर पोहोचल्यावर बुकिंग तुमच्या नावावर नाही असं निघालं, तर तुमच्या बाजूने कुणीही उभं राहणार नाही.

## टप्पा 8: मिळालेलं टेबल राखा

जेवणाच्या एक-दोन दिवस आधी मेल, एसएमएस किंवा फोनवर ‘येताय ना’ अशी विचारणा होते. उत्तर दिलं नाही तर काही ठिकाणी टेबल सोडून देतात. स्पॅमचा फोल्डर रोज पाहा. याच वेळी आहाराच्या अटी पुन्हा एकदा कळवा आणि आधीच्या मेलचा उल्लेख करा.

कपड्यांचा फार बाऊ करू नका. सूट-टाय सगळीकडे लागत नाही. स्पोर्ट्स शूज, शॉर्ट्स, फाटक्या जीन्स टाळा. साडी किंवा साधा कुर्ता-जॅकेट कुठेही शोभून दिसतं. उग्र अत्तर नको, शेजारच्याच्या जेवणाचा वास त्यात बुडतो.

रॉयल हॉस्पिटल रोडला जायचं तर स्लोन स्क्वेअर स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं धरा. ठरल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी पोहोचा. अर्धा तास आधी नको. उशीर होतोय असं दिसताच फोन करा. पंधरा-वीस मिनिटं निरोपाशिवाय उलटली की टेबल जाऊ शकतं, आणि अटींनुसार पैसेही.

बसल्यावर वाढणाऱ्याला आहाराची अट तिसऱ्यांदा, तोंडी सांगा. बिल देताना यंत्र विचारेल: पौंडात की रुपयांत? पौंड निवडा. रुपयांत भरलंत तर रूपांतराचा दर ते यंत्र लावतं आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

## हेच मुंबईत करायचं असेल तर

क्रम तोच, बारकावे थोडे वेगळे. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिल्समधलं मास्क किंवा वांद्र्याला वरोडा रोडवर व्हेरोनिकाजच्या वर असलेलं हुसेन शहजाद यांचं पापाज ही सुरुवातीला पाहायची दोन नावं. पापाजमध्ये जेमतेम 12 खुर्च्या आहेत, तेव्हा तिथे टप्पा 6 आणि 7 अक्षरशः पाळावे लागतात. मिशलिन भारतात तारे देत नाही, त्यामुळे ‘मुंबईतलं मिशलिन रेस्टॉरंट’ अशी जाहिरात दिसली तर ती गाळून पुढे जा.

इथे छापील किमतीवर जीएसटी वेगळा लागतो: स्वतंत्र रेस्टॉरंटात साधारण 5 टक्के, महागड्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटात 18. सेवाशुल्क सक्तीचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची त्याबाबतची भूमिका उचलून धरली, त्यामुळे ते काढायला सांगता येतं. वाइन पेअरिंग घेणार असाल तर 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, मतदानाचा दिवस असे ड्राय डे आधी पाहा.

पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी निघून त्याच रात्रीचं टेबल धरू नका. दुपारीच मुंबई गाठा. महालक्ष्मीला फक्त धीमी लोकल थांबते, जलद गाडीत बसलात तर थेट मुंबई सेंट्रलला उतरून मागे यावं लागेल.